शंभर लिटरचा तलाव

बेळ्ळंदूरमध्ये भाड्याने घर बघायला निघालात, तर दलाल आधी बाल्कनीचं दार उघडतो आणि हात पसरून म्हणतो, "लेक व्ह्यू!" 2015 ते 2018 या काळात तो हेच वाक्य दार घट्ट लावून घेतल्यावर म्हणत असे. भाडं मात्र व्ह्यूचंच लागे. वासाची सूट कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

तलावही काही लहानसहान नाही. साधारण 900 एकरांचा पसारा, बंगळुरातला सगळ्यांत मोठा. शहराच्या मोठ्या भागाचं सांडपाणी उतरत उतरत वर्षानुवर्षं इथे मुक्कामाला येत राहिलं. त्यात साबण, डिटर्जंट, आणि काय काय. सांडव्यावरून ते पाणी कोसळलं की घुसळण व्हायची, आणि फेसाचे डोंगर उठायचे. वाऱ्याबरोबर तो फेस रस्त्यावर यायचा. कामाला निघालेला इंजिनिअर स्कूटरसकट त्यात शिरायचा आणि पलीकडून धुऊन निघाल्यासारखा, पण अजिबात स्वच्छ न होता, बाहेर पडायचा. मे 2015 मध्ये या फेसाने पेट घेतला. कळीचे नारद पाण्यातसुद्धा आग लावतात हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती प्रत्यक्ष बघायला सांगली-कोल्हापूरहून नोकरीसाठी इतक्या लांब यावं लागलं. फेब्रुवारी 2017 मध्ये पुन्हा आग. 19 जानेवारी 2018 ला तर ती विझवायला लष्कराचे सुमारे 5 हजार जवान उतरले. तलाव विझवायला!

अशा तलावाकाठी राहणारा माणूस एक तर मोर्चा काढतो, नाहीतर टब आणतो. मोर्चा काढणारे इथे बरेच आहेत, आणि त्यांनी कोर्टापर्यंत धडका मारल्या म्हणूनच पुढे काही हललं. त्यांच्याविषयी आदर आहे. हा लेख टब आणणाऱ्यांविषयी आहे, कारण मी त्या पंथातला.

पंथ वाढतोय. सर्जापूर रोडवरच्या नर्सऱ्यांमध्ये पूर्वी पुढे गुलाब आणि मोगरा असायचा. आता पुढे सिमेंटचे बिनभोकाचे गोल टब, आणि त्यांत दोन-दोन पानं टाकून ठेवलेली कुमुदाची रोपं. बिनभोकाची कुंडी म्हणून तिचे पैसे जास्त. भोक पाडायचा खर्च वाचला तरी जास्त.

टब ठेवायचा म्हणजे जागा हवी. तळमजल्यावर राहणाऱ्यांना बिल्डर 'प्रायव्हेट गार्डन' देतो. आमची आजी याला परसदार म्हणाली नसती. तिच्या परसात न्हाणीघराचं पाणी पन्हळीतून अळवाला जायचं, तिथून कर्दळीला, आणि उरलंसुरलं केळीला. सांडपाणी जातं कुठे, हा प्रश्न त्या घरात कधी निघाला नाही, कारण ते फदफद्याच्या रूपाने परत ताटातच यायचं. पुढे नागपूरच्या 'नीरी' संस्थेने कर्दळ, पाणकणीस अशा झाडांच्या मुळांतून सांडपाणी शुद्ध करायचं तंत्र शास्त्रशुद्ध बसवलं, 'फायटोरिड' असं नाव दिलं, पेटंट घेतलं. आजीने अर्ज केला नव्हता, एवढंच.

आमच्या प्रायव्हेट गार्डनमध्ये माती दीड फूट, आणि त्याखाली तळघरातलं पार्किंग. त्यामुळे टबाला चीर गेली तर पाणी जमिनीत मुरत नाही, ते खाली उभ्या असलेल्या गाडीवर पडतं. ती गाडी कुठल्याही सोसायटीत खजिनदाराचीच असते.

वरच्या मजल्यांवरची मंडळी बाल्कनीत टब ठेवतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. पण 200 लिटरचं निळं पिंप आडवं कापून आठव्या मजल्यावर चढवताना ते कुणाला आठवत नाही. घराच्या स्लॅबचा हिशोब चौरस मीटरला साधारण 200 किलो धरून करतात, बाल्कनीचा थोडा जास्त धरून. मी हे एका शेजाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लोड टेस्टिंग आम्ही रोजच करतो." तो सर्व्हरबद्दल बोलत होता. त्याचा टब आता आमच्या बरोबर वर सहा मजल्यांवर आहे, आणि मी बागेत बसताना खुर्ची जरा डावीकडे घेतो.

मग दिशा. कमळाला दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन लागतं. वास्तुशास्त्रवाल्यांना पाणी ईशान्येला लागतं. आणि ईशान्येला बी विंग असते. चौदा मजली. तिच्या सावलीत कमळ ठेवलं तर पानं येतात, फूल येत नाही. आमच्या सोसायटीत असे पुष्कळ टब आहेत. त्यांच्या मालकांची भरभराट चालू आहे आणि कमळाचा पत्ता नाही. वास्तुतज्ज्ञ म्हणतात, बघा, पटलं ना?

मातीचा विषय तर फारच नाजूक. कमळाला लागते चिकणमाती. कोकोपीट चालत नाही, ते तरंगतं. शेणखत, गांडूळखत सढळ हाताने घातलं की पाणी सडतं. काळी, जड, तळ्याच्या तळाची माती सगळ्यांत उत्तम, असं जाणकार सांगतात. आता तळ्याच्या तळाची माती! ती आमच्या फाटकासमोरून ट्रकामागून ट्रक भरून चालली होती, कारण बेळ्ळंदूर तलावातला गाळ काढायचं काम 2020 च्या सुमाराला सुरू झालं आणि मुदतीमागून मुदती घेत चालत राहिलं. माळी म्हणाला, "सार, फ्री में एक बोरी?" पण त्या गाळात शहराच्या कारखान्यांचं आणि संडासांचं कित्येक वर्षांचं संचित आहे. त्यात कमळ उगवेल कदाचित, पण त्याला हात लावायचा कुणी? शेवटी 'लोटस सॉइल' नावाची माती ऑनलाइन मागवली. दुसऱ्या राज्यातून आली. खोक्यावर 'जपून हाताळा' असं लाल अक्षरांत. आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर बघत होती. म्हणाली, "माती विकत? आणि ही कुरिअरने?" मी म्हटलं, "आई, खास आहे." ती म्हणाली, "आमच्याकडे 2019 ला कृष्णामाईने ही खास माती घराघरांत फुकट पोचवली. खिडकीपर्यंत."

आईचं या विषयावर एकंदर मत स्पष्ट आहे. "आमच्या दारात पाणी आपणहून येतं, तू पैसे देऊन आणतोयस." सप्टेंबर 2022 मध्ये इथे पूर आला, आयटीतली माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून ऑफिसला गेली, तेव्हा तिने फोन करून फक्त एवढं विचारलं, "आलं का आपणहून?"

पण एरवी पाण्याचे इथे वांधेच. शहाजीराजांना 1638 नंतर बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हा त्यांना टँकर मागवावा लागला नसावा. गावभर तळी होती. त्यांतल्या धर्मांबुधी तळ्यावर आज मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे, संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम. म्हणजे तळी गेली कुठे म्हणाल, तर कुठेच गेली नाहीत, आपण त्यांच्यात बस पकडतो. मार्च 2024 मध्ये टंचाई इतकी वाढली की पिण्याचं पाणी बागेला, गाडी धुवायला, कारंज्याला वापरलं तर 5 हजार रुपये दंड, असा आदेश निघाला. टब बागेत मोडतो की कारंज्यात, यावर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस खल झाला. एका वकिलाने 'ते पाणी मासे पितात, म्हणजे ते पिण्याचंच' असा मुद्दा काढला. मासे पाणी पितात का, यावर आणखी एक दिवस.

मग राहिलं सोसायटीच्या स्वतःच्या शुद्धीकरण केंद्राचं पाणी. ते झाडांना घालतात, गवत हिरवंगार होतं, कारण त्यात नायट्रोजन आणि फॉस्फेट भरपूर उरलेलं असतं. एका टबवाल्याने तेच पाइपने टबात सोडलं. वरून धार पडली तसा टबात दीड इंच पांढरा फेस उभा राहिला. घरच्या घरी बेळ्ळंदूर. बाकीचे टबवाले बघायला जमले, फोटो निघाले, आणि एका लहान मुलाने अतिशय शास्त्रीय प्रश्न विचारला: "आता पेटणार का?"

खरं सांगायचं तर टबाचं आणि तलावाचं शास्त्र एकच. पाण्यात अन्न जास्त झालं की शेवाळ माजतं. म्हणूनच पाण्यात खत कमी, मासे मोजके, त्यांना खायला चिमूटभर, एवढं सांभाळलं की टब चालतो. नवा टब भरल्यावर पहिले काही दिवस पाणी हिरवं होतंच. माणूस घाबरून पाणी बदलतो. नव्या पाण्याबरोबर नवं अन्न येतं, पाणी पुन्हा हिरवं. न बदलता थांबलं, आणि पानांना अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकू दिला, की शेवाळाला ऊन मिळत नाही आणि पाणी आपलं आपण निवळतं. थोडक्यात, या छंदातलं मुख्य कौशल्य म्हणजे काही न करणं. दर सोमवारी 'या आठवड्यात काय करणार' ते फळ्यावर लिहून द्यायची सवय झालेल्या माणसांना हे फार जड जातं. आमच्याकडे टबांची आम्लता मोजून तक्ता ठेवणारे आहेत. त्या तक्त्याला रंग आहेत. टबात अजून गोगलगायीशिवाय काही नाही, आणि ती विकत आणलेली नाही, रोपाबरोबर फुकट आली.

आता डास. टब आणला की त्यात पहिलं काय उगवतं, तर कमिटी.

यालाही बंगळुरात परंपरा आहे. हिवतापाचा डासांशी संबंध सिद्ध करून पुढे नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस 1883 मध्ये इथे लष्करी डॉक्टर होते. बंगल्यात डास फार, म्हणून त्यांनी शोध घेतला, तर खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्यांनी पिंप उलटं केलं आणि डास कमी झाले. आनंदाने त्यांनी आपल्या अधिकाऱ्याला सुचवलं की मेसमधलंही साठलेलं पाणी ओतून टाकू. अधिकारी म्हणाला, डास देवाने काही कारणानेच घातले असतील, ते सोसणं आपलं काम. म्हणजे टबातलं पाणी, त्यावरून तक्रार, आणि वरिष्ठांचं 'चालायचंच' हे सगळं या शहरात 1883 पासून व्यवस्थित चालू आहे.

फरक असा की आता सोसणारा अधिकारी मिळत नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पाण्यातून उडतो. सप्टेंबर 2024 मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग ठरवलं आणि शहरातल्या घरात डासांची पैदास सापडली तर 400 रुपये दंड लावला. लगेच माझ्या टबाच्या पाहणीला सोसायटीचे सेक्रेटरी, व्यवस्थापक, सुरक्षारक्षकांचे प्रमुख आणि कुणीही न बोलावलेले दोन ज्येष्ठ नागरिक आले. पाच जणांनी मिळून दोन फूट व्यासाच्या टबात बॅटरी मारली. घरकामाच्या मावशी मागून म्हणाल्या, "सोळ्ळे बरुत्ते," म्हणजे डास येतात, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

टबात सापडले गप्पी मासे. गप्पी अळ्या खातो, म्हणून आरोग्य खाती तो सर्रास वाटतात, आणि तो थेट पिल्लंच घालतो, तीही महिन्या-महिन्याला. चार आणले की पुढची चिंता उरते ती फक्त जागेची. पाहणी मंडळ निराश होऊन परत गेलं. पण त्या 400 रुपयांवरून मी एक हिशोब केला, तो सांगायलाच हवा. डिसेंबर 2018 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बेळ्ळंदूर तलावाच्या दुर्दशेबद्दल राज्य सरकारला 50 कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. 900 एकरांवर वाटली तर चौरस मीटरला 137 रुपये पडतात. माझ्या टबात अळी सापडली असती तर 400 रुपये, म्हणजे चौरस मीटरला साधारण 1,370. बरोब्बर दहापट! पेट घेणाऱ्या तलावाला एक दर आणि न पेटणाऱ्या टबाला दहापट. घाऊक आणि किरकोळ भावात एवढी तफावत भाजीबाजारातसुद्धा नसते.

असो. कमळाकडे वळू.

कमळाचं बी हातात घेतलं की पहिल्यांदा वाटतं, फसवलं. काळंकुट्ट, लंबगोल, दगडासारखं टणक. तसंच पाण्यात टाकलं तर पडून राहतं. त्याचं एक टोक पॉलिश पेपरवर घासायचं. घासताना बोटं दुखतात, काळी पूड पडते, नखाची कडही घासली जाते. मग तपकिरी थर लागतो, आणि त्याखाली मलईच्या रंगाचा ठिपका दिसला की थांबायचं. त्यापुढे घासलं तर बी मेलं. मग पेल्यात पाणी घेऊन त्यात सोडायचं. रात्रीतून बी टम्म फुगतं. तीन-चार दिवसांनी टोक उकलून आतून हिरवा, दुमडलेला कोंब बाहेर येतो आणि पेल्याच्या काठाकडे वळतो. पहिली पानं रुपयाएवढी, पाण्यावर पसरलेली. पुढची मोठी पानं देठावर उभी राहतात, त्यांच्यावर पाणी टाकलं तर थेंबाचा मणी होऊन घरंगळतो, पान कोरडंच.

चीनमधल्या एका जुन्या, सुकलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेलं सुमारे 1,300 वर्षांचं कमळबी शास्त्रज्ञांनी रुजवलं, त्याचा अहवाल 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. बी 1,300 वर्षं थांबलं. आमच्याकडे किराणा दहा मिनिटांत दारात येतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी कोंब दिसला नाही तर 'बी खराब निघालं, पैसे परत द्या' असा संदेश गेलेला असतो.

आणि फूल? फूल सकाळी उमलतं, उन्हं चढली की मिटतं, असं तीन-चार दिवस करून पाकळ्या टाकून देतं. बेळ्ळंदूरचा माणूस रिंग रोडची कोंडी चुकवायला सकाळी सातला निघतो आणि त्याच कोंडीतून रात्री परत येतो. म्हणजे ज्याने टब आणला, माती मागवली, बी घासलं, तो सोडून बाकी सगळे ते फूल बघतात. मावशी बघतात, माळी बघतो, कावळा बघतो. कावळा तर रोजचा गिऱ्हाईक. कुठून तरी वाळका पाव आणतो, टबाच्या काठावर बसतो, पाव पाण्यात बुडवतो, पालटतो, पुन्हा बुडवतो, मनासारखा मऊ झाला की उचलून जातो. तुकडे माझ्या गप्पींना. अन्न कमी ठेवा, हे मी माणसांना सांगू शकतो.

वंचक बगळाही येतो. तो इतका स्तब्ध उभा राहतो की पलीकडच्या घरातल्या बाईंनी तो शोभेचा समजून कुठून आणला म्हणून विचारलं. मी सांगेपर्यंत तीन गप्पी गेले होते. पहिल्या मजल्यावरचे बंगाली दादा मात्र टबाजवळ आले की वेगळ्याच नजरेने बघतात. त्यांच्या गावी प्रत्येक घरामागे पुकुर असतो, म्हणजे घरचं तळं. "मासा केवढा होतो हा?" त्यांनी विचारलं. मी बोटाचं एक पेर दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख उमटलं.

उरली जलपर्णी. नर्सरीवाला दोन रोपं नेहमी फुकट देतो. फुगीर हिरव्या देठांची, जांभळट फुलांची, दिसायला देखणी. पुण्यात मुळा आणि पवना बघितलेल्यांना किंवा कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला गेलेल्यांना या बाईची ओळख करून द्यायला नको. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची म्हणून बंगालात आली. म्हणजे कुणा हौशी माणसाने, अगदी आपल्यासारख्याच, तळ्यात फूल छान दिसेल म्हणून आणली. पुढचं आपण बघतोच आहोत. अन्न भरपूर असेल तर ती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. माझ्या दोन फुटी टबातून सुरुवात केली आणि कुणी आडवं आलं नाही, तर कागदावर 900 एकर झाकायला तिला वर्षसुद्धा लागत नाही. बेळ्ळंदूरच्या पाण्यात अन्नाची कमतरता कधीच नव्हती, आणि आडवं यायला कुणाला फारशी घाई नव्हती.

आमच्या ग्रुपवर परवाच एका भल्या माणसाने लिहिलं की त्याचा टब जलपर्णीने गच्च भरलाय, टाकून द्यायला जीव होत नाही, रविवारी तलावात सोडून येणार, सोबत येणार का कुणी. तिघांनी हात जोडलेले पाठवले. एकाने गप्पीही सोडू म्हटलं.

कृपा करून जाऊ नका. जास्तीची जलपर्णी पाण्याबाहेर काढा, उन्हात कडकडीत वाळवा आणि खताच्या खड्ड्यात घाला. ओली असताना मोरीत, नाल्यात, कुंपणापलीकडे कुठेही टाकू नका. गप्पी जास्त झाले तर दुसऱ्या टबवाल्याला द्या, नाहीतर मला कळवा, माझ्याकडे बगळा येतो. आणि नर्सरीवाल्याने दोन रोपं फुकट देऊ केली, तर पैसे देऊन कुमुद घ्या.